ग्रोबेकची शाकारणी

सोडतीत विल्डा पेलग्रँचं नाव निघालं तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या घेवड्याचं पातेलं ढवळत होती. फोनवरच्या बाईला तिनं दोनदा विचारलं, "पेलग्रँ आमच्यात पुष्कळ आहेत हो. विल्डाच ना? कर्टिसची बायको?" आता सरकारी कचेरीतल्या त्या बाईला कर्टिस कुठला माहीत असणार! पण नाव विल्डाचंच होतं, पत्ताही ग्रोबेकच्या खाडीचाच होता. विल्डानं डाव पातेल्यात तसाच सोडला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

सोडत सुरू झाल्यापासून दर वर्षी ती नाव घालत होती. सरकार छपरासाठी पैसे देणार, वादळाला पुरून उरेल असं छप्पर घालायचं, त्याचा दाखला घ्यायचा, आणि तो दाखला पुढे केला की विमा कंपनी हप्ता उतरवणार. एवढं साधं काम. सरकारी कामं कागदावर नेहमी साधीच असतात.

विम्याची ही कटकट मागच्या मोठ्या वादळापासूनची. त्या वादळानं ग्रोबेकवर एक घर धड ठेवलं नव्हतं. कर्टिसनं बँकेचं कर्ज काढून घर पुन्हा उभारलं, आधीपेक्षा उंच खांबांवर. घरावर कर्ज आहे तोवर विमा हवाच, असं बँकेचं म्हणणं. आणि विमा कंपन्या? दुपारच्या वामकुक्षीत घरभाडं बुडवून पळणाऱ्या भाडेकरूंसारख्या एकेक करून पसार झालेल्या. उरल्या त्यांनी हप्ता असा चढवला की नाकापेक्षा मोती जड झाला. विमा भरला नाही तर बँक आपल्या मर्जीचा विमा आपल्या माथी मारते, आणि तो आणखी महाग. इकडे परदेशातली स्वस्त कोळंबी येऊन पडल्यापासून कर्टिसच्या कोळंबीला बाजारात कुत्रं विचारत नव्हतं. तेव्हा गोष्ट उघड होती. दाखला मिळाला तर ग्रोबेकवर राहायचं. नाही मिळाला तर घर विकून वर जायचं. वर म्हणजे होमा गावाच्याही पलीकडे, जिथे जमीन कोरडी आहे आणि शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. विल्डा कशीही राहिली असती. कर्टिस राहिला नसता. त्याची होडी घरासमोर बांधलेली असे, आणि सकाळी डोळे चोळत बाहेर येऊन आधी तिच्याकडे बघितल्याशिवाय तो कॉफीला हात लावत नसे.

घरी जाऊन तिनं बातमी सांगितली तेव्हा कर्टिसनं तिला उचललं, आणि पाठीत उसण भरल्यावर खाली ठेवलं. त्याचा थोरला भाऊ अल्सी पलीकडच्याच घरात राही. तो बातमी ऐकून आला आणि खूश व्हायचं सोडून फुरंगटून बसला.

"बाहेरचा कंत्राटदार? माझ्या भावाच्या घरावर?"

"सरकारचा पैसा आहे, अल्सी," विल्डा म्हणाली. "त्यांच्या यादीतलाच माणूस लागतो."

"यादीतला! ती यादी करणाऱ्यानं शिडी तरी बघितलीय का कधी? या खाडीवरची निम्मी छपरं मी घातलीत."

"माहीत आहे रे. चिडू नकोस."

"मी कुठे चिडलोय? म्हातारा झालो एवढं कळलं, बस." असं म्हणून तो कॉफी न पिता उठला. ग्रोबेकवर कॉफी न पिता उठणं म्हणजे तोंडावर दार आपटण्यासारखंच. मग आपण होऊनच दोन दिवसांनी तो खेकडे घेऊन आला, पण त्यानंतर विल्डानं त्याच्यासमोर छपराचा विषय काढला नाही. उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची?

तपासनीस म्हणून आली ती शॉनिस नावाची तरुण मुलगी. राजधानी बॅटन रूजची, कामाला वाघीण, बोलायला गोड. शिडीवरून उतरून तिनं विल्डाला समोर बसवलं. तिकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही आदरानं मिसच म्हणतात.

"मिस विल्डा, एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुनं काढल्यावर उघड्या फळ्या मी बघणार. मग सांध्यांवरची चिकटपट्टी आणि खिळे मी बघणार, फोटो काढणार. त्यानंतरच वर कौलं चढवायची. मी बघायच्या आधी काही झाकलं गेलं, तर माझ्या लेखी ते नाहीच."

"समजलं गं बाई. शाळेत माझा स्वयंपाक तपासायला येणाऱ्या बायकासुद्धा असंच बोलतात," विल्डा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हे तिनं कर्टिसला सांगितलं. त्यानं जाळं विणता विणता हुं म्हटलं. अल्सीला मात्र सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, सगळ्यांत आधी त्यालाच सांगायला हवं होतं. पण माणसाचं मन जपायला जावं आणि त्यातच घर बसावं, असं नशीब काहींचं असतं.

ऑगस्टच्या उकाड्यात कंत्राटदाराची माणसं आली. जुनी डांबरी कौलं खरवडून काढली, फळ्या उघड्या केल्या, निम्म्या सांध्यांवर पट्टी लावली, नवी कौलं आणि खिळ्यांची खोकी घराखाली रचली, आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत. आखातात एक वादळ घोंगावायला लागलं होतं. अशा वेळी पूर्वेकडच्या श्रीमंत वस्त्यांतून कंत्राटदारांना दुप्पट मजुरीचे निरोप येतात. विल्डाचं छप्पर एका पातळ प्लास्टिकखाली उघडं पडलं आणि कंत्राटदाराचा फोन नुसता वाजत राहिला.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच दिवशी कोळंबी निवडताना कर्टिसच्या तळव्यात काटा शिरला. उन्हाळ्याचं कोमट खारं पाणी, त्यात उघडी जखम. दुपारपर्यंत हात कोपरापर्यंत लाल झाला. खाडीवरच्या लहान पोरालाही या लालीचा अर्थ कळतो. पुजॉल कुटुंबातल्या एका माणसाचा अख्खा पाय यात गेला होता. विल्डानं त्याला गाडीत घातलं आणि होमाचं इस्पितळ गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या खिडकीतून तिनं आकाश बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दक्षिणेकडे काळंकुट्ट झालं होतं. तिनं अल्सीला फोन लावला.

"अल्सी, छपरावर ताडपत्री बांधशील? पाऊस येतोय."

"कर्टिस कसा आहे?"

"ताप उतरत नाही. हात राहतो की जातो ते आज सांगतील."

"हे बघ शेर," अल्सी म्हणाला. खाडीवर आपल्या माणसाला लाडानं शेर म्हणतात. "तू त्याच्याजवळ बस. घराचं माझ्यावर सोड."

"ताडपत्री खालच्या खोलीत आहे."

"ठाऊक आहे मला."

तेवढ्यात डॉक्टर आले आणि तिनं फोन ठेवला. मनावरचं अर्धं ओझं उतरलं.

आता अल्सीनं काय केलं ते कुणालाही सांगता आलं असतं, फक्त तो माणूस ग्रोबेकचा हवा. खाडीवरच्या फ्रेंचमध्ये त्याला कू-द-मँ म्हणतात. आपण सावड म्हणू. कुणी इस्पितळात गेलं की त्याचं गवत कापलं जातं, त्याचे खेकड्यांचे सापळे उपसले जातात, आणि कुणी कुणाला विचारत नाही. विचारणं हाच अपमान. मजुरी देऊ करणं त्याहून मोठा अपमान. त्यात अल्सीसारख्या माणसानं सगळं सामान खाली रचलेलं असताना भावाच्या छपरावर ताडपत्री बांधायची म्हणजे ताटात मासा असताना नुसता भात खाण्यासारखं. त्यानं दोन फोन केले. त्या दोघांनी आणखी चौघांना केले.

दुपारनंतर कर्टिसचे कपडे घ्यायला विल्डा घरी निघाली. पुलावर आली तेव्हाच तिला हातोड्यांचे आवाज ऐकू आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते. अंगणात अल्सीची बायको मे भल्यामोठ्या काळ्या भांड्यात जांबलाया, म्हणजे खाडीवरचा मसालेभात, परतत होती. चर्चचे फादर अर्ध्या चड्डीत कौलांची बंडलं शिडीवरून वर देत होते. आणि छप्पर काळंभोर, नवंकोरं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाकलेलं. फक्त आढ्याची वीतभर पट्टी राहिली होती, आणि तिथं अल्सी दोन्ही बाजूंना पाय सोडून घोड्यावर बसल्यासारखा बसला होता.

"काय बघतेस?" तो वरून ओरडला. "पावसाच्या आधी संपवतो बघ!"

विल्डा शिडीपाशी धावली. "चिकटपट्टी..." ती म्हणाली. "राहिलेल्या सांध्यांना पट्टी लावली का?"

"सगळ्या! आणि खिळे तुझ्या सरकारचेच, ते अंगावर कंगोरे असलेले. खोक्यावर लिहिलंय तसे जवळ जवळ ठोकलेत. या टी-ब्वानं लांब लांब मारले होते, सगळे उपटायला लावले मी त्याला."

"खरंय, मिस विल्डा," खालून मेचा भाचा टी-ब्वा म्हणाला. अल्सीला तो नॉनक, म्हणजे काका म्हणे. "नॉनक अल्सी आज माझी मुंडी पिरगाळणार होते."

"फोटो कुणी काढले का?"

"काढले ना!" मे हात पुसत आली आणि तिनं फोन पुढे केला. फादर अर्ध्या चड्डीत. फादर पाठमोरे, आणि सगळे हसताहेत. जांबलायाचं भांडं. अल्सी एका हातात हातोडा, दुसऱ्यात बिअर. एका फोटोत मागे छप्पर दिसत होतं, पण ते आधीच काळं झालेलं होतं.

विल्डा फोटो बघत राहिली. आत्ता बोलायला हवं, असं तिला कळत होतं. पण काय बोलणार? हे सगळं उपटा, म्हणून? वर आभाळ फाटायला आलेलं, नवरा इस्पितळात, आणि ही पंधरावीस माणसं आपली जाळी टाकायची सोडून सकाळपासून उन्हात. अल्सीचं तोंड तर इतकं आनंदी तिनं त्याच्या पोरीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. कदाचित शॉनिस समजून घेईल. काम तर चोख झालंय ना? तिनं मेकडून वाडगा घेतला आणि जांबलाया खाल्ला. शेवटच्या शितापर्यंत संपवला. सगळ्यांना मिठ्या मारल्या, आभार मानले. तासाभरात पाऊस कोसळला आणि घरात एक थेंब आला नाही. विल्डा न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडली.

शॉनिस आली ती पाऊस ओसरल्यावर. गाडीतून उतरली, वर बघितलं, आणि गाडीला टेकून उभीच राहिली.

"मिस विल्डा, हे कुणी केलं?"

"आमच्या माणसांनी. पाऊस येत होता. कंत्राटदार पळून गेला तुमच्या यादीतला." विल्डा भराभर बोलायला लागली. "पट्टी सगळीकडे लावलीय, खिळे तेच, हवं तर मी बायबलवर हात ठेवून सांगते. फादर होते इथे. फादरांना विचार."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"मग झालं तर!"

"विश्वासाचा फोटो निघत नाही, मिस विल्डा." मुलीचे डोळे भरून आले होते, पण ती मागे हटली नाही. "मी जे बघितलं नाही त्याखाली सही कशी करू? आणि कंत्राटदार सांगेल, काम माझं नाही. त्याला पैसे मिळणार नाहीत, तुम्हाला दाखला मिळणार नाही. सोडतीतलं तुमचं नाव रद्द होतं."

"आता काय करायचं?"

"सगळी कौलं काढायची. खालचं माझ्यासमोर नव्यानं करायचं. पण त्याला सरकार पैसे देणार नाही. सगळा खर्च तुमचा, नव्या कौलांसकट."

विल्डानं आयुष्यात कधी कुणापुढे हात जोडले नव्हते. तिनं त्या पोरीचे दोन्ही हात धरले. "एवढं एकदा कर गं. तू माझ्या मुलीसारखी आहेस. कुणाला कळणार नाही."

शॉनिसनं हात सोडवून घेतले नाहीत. नुसती नाही-नाही अशी मान हलवत राहिली. करायला गेलो काय आणि झालं काय, असं म्हणायलाही विल्डाजवळ कुणी नव्हतं.

कर्टिस घरी आला तेव्हा हात वाचला होता, पण दोन बोटं गेली होती आणि उरलेली मिटत नव्हती. त्या हातात दोर धरता येईना. त्याला गाडीतून उतरवताना अल्सीनं दंडाला धरलं आणि दुसऱ्या हातानं छपराकडे बोट दाखवलं. "बघ! तू झोपा काढत होतास तेव्हा आम्ही काय केलं ते." कर्टिस इस्पितळात गेल्यापासून पहिल्यांदा हसला. या दोन भावांकडे बघत विल्डानं त्याच क्षणी ठरवलं की खरं काय ते आपल्याबरोबरच जाईल.

दाखल्याचं काय झालं, असं लोकांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, सरकारनं पैसे आवळले, सोडत रद्द झाली. सगळ्यांना पटलं. सरकारबद्दल वाईट सांगितलं की ग्रोबेकवर कुणी दुसरा पुरावा मागत नाही. अल्सीनं तर सगळ्या राजधानीचा उद्धार केला. "चोर साले! नाही दिला दाखला तर नाही दिला. छप्पर तर दिलं ना आपण?" विल्डा म्हणाली, हो, छप्पर दिलंत.

ऑगस्टचं वादळ पावसावर भागलं होतं; सप्टेंबरात दुसरं आलंच. थेट नाही, बाजूनं गेलं, पण जाता जाता खाडीवरच्या बऱ्याच घरांची कौलं उडवून गेलं. विल्डाच्या घराचं एक कौल हललं नाही. दुसऱ्या दिवशी अल्सी आला आणि घराच्या खांबाला घोड्याच्या पाठीवर थोपटतात तसं थोपटून गेला. त्याच आठवड्यात विमा कंपनीनं कळवलं की दाखला नसलेल्या घरांना आता आम्ही या भागात विमा देत नाही. राज्याचा शेवटचा आसरा म्हणून जो विमा मिळतो त्याचा आकडा ऐकून कर्टिसनं टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन होडीत बसला. विल्डानं खिडकीतून बघितलं. तो निकामी हात मांडीवर ठेवून होडीत नुसता बसला होता, दोर न सोडता. घर विकायचं हे त्या दिवशी कुणी बोललं नाही, पण ठरलं ते त्याच दिवशी.

गिऱ्हाईक आलं लाफाएतहून. दातांचा डॉक्टर, मासे धरायची हौस असलेला. सुट्टीत येऊन राहायला घर हवं होतं. रोख पैसे मोजणार, म्हणजे ना बँक ना विम्याची सक्ती. वादळात गेलं तर गेलं म्हणणारी माणसंच आता खाडीवर घरं घेऊ शकतात. माणूस वाईट नव्हता. पायातले बूट काढून आत आला, विल्डाची कॉफी प्यायला, चांगली आहे म्हणाला. अल्सीही आला होता. घर परक्याच्या हाती जातंय म्हणून तो आठवडाभर धुमसत होता, पण छपराचा विषय निघाल्यावर त्याला राहवलं नाही.

"छप्पर बघितलंत का, डॉक्टर? असं छप्पर तुम्हाला अख्ख्या परगण्यात मिळणार नाही. सरकारी मापानं केलंय, पण सरकारपेक्षा चांगलं."

"हो, ते मी आधीच विचारून घेतलं," डॉक्टर म्हणाला. "त्या योजनेच्या कचेरीत फोन केला होता. म्हणाले, काम बहुधा उत्तम असेल, पण तपासणीच्या आधी लोकांनीच परस्पर कौलं चढवली, म्हणून दाखला गेला. हळहळ वाटली मला. नाहीतर तुम्हाला घर विकायची पाळीच आली नसती, नाही का?"

त्याच्या मनात काही नव्हतं. तो सहज बोलला आणि बाल्कनीत जाऊन पाणी बघायला लागला.

स्वयंपाकघरात तिघं उरले. कर्टिसनं मान खाली घातली. अल्सीचा चेहरा विल्डाला बघवेना.

"खरंय?" त्यानं विचारलं.

"नाही," विल्डा म्हणाली. "त्याला काय कळतंय! कचेरीतली माणसं काहीही सांगतात. पैसेच आवळले सरकारनं."

"विल्डा."

"नाही म्हणते ना मी!"

त्यानं टेबलावरची टोपी उचलली आणि निघाला. जिना उतरताना त्यानं घराच्या कठड्यालासुद्धा हात लावला नाही, हे विल्डाच्या ध्यानात आलं.

बातमी खाडीभर व्हायला किती वेळ लागतो? टी-ब्वाला कळली, मेच्या कानावर गेली, फादरांना कळली. कुणी विल्डाला काही बोललं नाही. समोरून येणारी माणसं खाली बघून जायला लागली. चर्चमध्ये तिच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. रागानं नव्हे. लाजेनं. मेच्या घरी ती मुद्दाम गेली तर मेनं कॉफी दिली आणि पदरात तोंड लपवावं तशी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. विल्डाला ओरडून सांगावंसं वाटलं की मी तुमच्यावर रागावलेली नाही गं, मी कशी रागावेन! पण तसं म्हणायचं तर खरं काय झालं ते आधी कबूल करायला हवं होतं.

घर रिकामं करायचा दिवस ठरला. ग्रोबेकवर बिऱ्हाड हलवायचं म्हणजे कुणाला बोलवावं लागत नाही. सकाळी दार उघडलं की अंगणात ट्रक उभे असतात, आणि बायका डबे घेऊन आलेल्या असतात. विल्डानं सवयीनं मोठं भांडं भरून कॉफी केली होती. उन्हं वर आली. कुणी आलं नाही. शेजारच्या ओसऱ्यांवर माणसं दिसत होती. बसलेली, उभी, खिशात हात घातलेली. कर्टिस एका हातानं खुर्च्या खाली नेऊ लागला. त्याची ती धडपड बघवेना तेव्हा विल्डानं होमाला फोन करून भाड्याची दोन माणसं मागवली. खाडीवर बिऱ्हाड उचलायला भाड्याची माणसं येताना तिनं जन्मात पाहिली नव्हती. आली तीसुद्धा आपल्याच दारात.

माणसं कामाची होती. कपाटं उतरली, पलंग उतरला. राहिला तो लोखंडी चुलाणा, तिच्या आईच्या घरचा, दोघांना न पेलणारा. विल्डा सरळ कुंपण ओलांडून अल्सीच्या ओसरीवर गेली.

"चल. चुलाणा धरायचाय."

अल्सी उठला नाही. "भाड्याची आहेत ना तुझी माणसं."

"अल्सी, चूक माझी आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवस दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "मला त्या मुलीनं आधीच सांगितलं होतं, बघितल्याशिवाय झाकायचं नाही म्हणून. मी तुला सांगितलं नाही. तू दुखावशील म्हणून छपराचं नावच काढलं नाही तुझ्यापुढे. तुझा काही दोष नाही."

"तू कशाला सांगायचं?" अल्सी म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. "आम्ही कधी विचारून हात लावलाय का कुणाच्या घराला? ताडपत्री म्हणाली होतीस तू. ताडपत्री बांधून गप्प घरी गेलो असतो तर तू इथं असतीस. कर्टिस इथं असता." त्यानं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "माझ्या भावाचं घर मी घालवलं, विल्डा. आणि वर त्याला दाखवत फिरलो."

ते खरं होतं. तिनं फक्त त्याचा दंड धरून ओढला आणि तो उठून तिच्या मागे आला.

ती दोन माणसं चुलाण्याशी झटत होती. अल्सी जवळ गेला, वाकला, आणि मध्येच थांबला. मान वर करून त्यानं विल्डाकडे बघितलं.

"धरू का?" त्यानं विचारलं.

या माणसानं वादळानंतर विल्डाच्या घरातला चिखल उपसला होता, तिच्या आईची शवपेटी खांद्यावर घेतली होती, आणि एकदाही तोंडातून हा शब्द काढला नव्हता.

"धर रे," ती म्हणाली. "धर ना."

त्यानं हात घातला तोच भाड्याच्या माणसांतला एकजण अदबीनं म्हणाला, "नको साहेब, तुम्ही बाजूला राहा. बाहेरच्या माणसानं हात लावलेला चालत नाही आम्हाला. तुम्हाला काही लागलं तर आमचा विमा जातो."

"बरोबर आहे," अल्सी म्हणाला.

त्यानं हात काढून घेतले आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दोघांनी चुलाणा जमिनीवरून फरफटत दारापर्यंत नेला, एकेक पायरी आदळत खाली उतरवला, आणि ट्रकमध्ये चढवला.